ट्रंपेटचा सूर उन्हात का चढतो?

यवतमाळ जिल्ह्यात लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते. कापूस विकून झालेला असतो, शेते मोकळी असतात. वणी असो, दारव्हा असो की पुसद, पारा चाळिशीच्या वर गेला तरी बँडवाले वरातीपुढे वाजवीत असतात. (प्रांताला आणि लग्नाच्या मंडळींना 'वऱ्हाड' हा एकच शब्द असावा, याचे अशा वेळी नवल वाटत नाही.)

अशा एखाद्या बँडमध्ये सकाळी सावलीत ट्रंपेट कीबोर्डशी नीट जुळवून घेतला, आणि दुपारी उन्हात तो बेसूर वाटू लागला. त्याचा सूर उतरला असेल की चढला असेल? पुष्कळ विद्यार्थी म्हणतील, "उतरला. पितळ तापून प्रसरण पावते, नळी लांब होते, आणि लांब नळीचा सूर खालचा असतो." यातले प्रत्येक विधान खरे आहे, पण उत्तर मात्र चूक आहे. सूर चढतो.

हे समजण्यासाठी ट्रंपेटमध्ये नेमके काय वाजते ते पाहू. वाजवणारा नुसती फुंकर मारीत नाही. तो ओठ आवळून धरतो आणि श्वासाच्या दाबाने त्यांना थरथरायला लावतो. त्या थरथरीमुळे नळीतील हवेत लाटा उठतात. त्या कर्ण्यासारख्या रुंद तोंडापर्यंत जातात. त्यांचा काही भाग बाहेर पडतो, बराचसा परत फिरतो. ही ये-जा जितक्या वेगाने होईल, तितका सूर उंच. म्हणजे सूर दोन गोष्टींवर ठरतो : नळीची लांबी आणि हवेतील ध्वनीचा वेग.

बँडमधल्या नेहमीच्या ट्रंपेटची नळी सुमारे १४८ सें.मी. असते. ती ३० अंशांनी तापली तरी तिची लांबी एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. पण ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. नळीतील हवा सरासरी २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेली, तर वेग ३४६ वरून ३५२ मीटर होतो. ही वाढ १.७ टक्के, म्हणजे अर्धस्वराचा जवळजवळ तिसरा भाग. कीबोर्डचा सूर विजेच्या मंडलातून येतो; तो जागच्या जागीच राहतो. म्हणून वाजवणारा मुख्य सरकनळी सव्वा सेंटिमीटर बाहेर ओढतो. नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वळलेली असल्याने लांबी दुप्पट, म्हणजे अडीच सेंटिमीटर वाढते, आणि सूर जुळतो.

आता आपली तुतारी घ्या. तिला बोटांनी दाबण्याजोगे काही नाही. ओठ कमी-जास्त आवळून जे सूर निघतील तेवढेच. ट्रंपेटलाही पिस्टन न दाबता असेच मोजके सूर मिळतात. त्यांची कंपने सेकंदाला सुमारे २३३, ३५०, ४६६, ५८३, ६९९ अशी असतात. हे प्रमाण २:३:४:५:६ आहे. पेटीवर पाहाल तर सा, प, वरचा सा, ग, प. पहिल्या सा आणि प यांच्यामध्ये सहा स्वर रिकामे राहतात.

ही उणीव पिस्टनने भरून काढली. १८१८ साली प्रशियात श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी त्याचे पेटंट घेतले. पिस्टन दाबला की हवा एका जादा नळीतून वळसा घेऊन जाते. दुसरा पिस्टन ९ सें.मी. जोडून सूर अर्धस्वराने उतरवतो, पहिला १८ सें.मी. जोडून दोन अर्धस्वरांनी, तिसरा २८ सें.मी. जोडून तीन अर्धस्वरांनी. जोड्या करून एक ते सहा अर्धस्वर मिळतात. या तीन पिस्टनांवरच गोव्याच्या चिक चॉकलेटसारख्या वादकांनी मुंबई गाजवली, सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (१९५१) मध्ये त्यांचा ट्रंपेट आहे.

पण इथे गणित एक खोच काढते. पहिला आणि तिसरा मिळून पाच अर्धस्वर हवेत. त्यासाठी १४८ सें.मी.च्या नळीत ४९.५ सें.मी. भर पडायला हवी. पडते मात्र १८ अधिक २८, म्हणजे ४६. कारण प्रत्येक अर्धस्वराला मूळ नळीच्या नव्हे, तर त्या क्षणी असलेल्या नळीच्या सुमारे ६ टक्के वाढ लागते. चक्रवाढ व्याज लागू असताना आपण सरळ व्याज भरल्यासारखे हे होते! तूट साडेतीन सेंटिमीटरची. तिन्ही पिस्टन दाबले तर सहाची. म्हणून बहुतेक ट्रंपेटांवर तिसऱ्या पिस्टनच्या नळीला एक कडी असते. तीत डाव्या हाताचे बोट घालून वादक वाजवता वाजवता नळी बाहेर ढकलतो. पुढच्या लग्नात ते बोट जरूर पाहा.

शाळेत करून पाहण्यासाठी दीड मीटर रबरी नळी आणि एक नरसाळे पुरे. नळीच्या एका टोकाला नरसाळे बसवा, दुसऱ्या टोकाशी ओठ आवळून थरथरवा. (प्रत्येकाने आपापले टोक धुऊन घ्यावे.) ओठ अधिक आवळताच सूर उडी मारून वर जाईल. मात्र सा, प, सा असा क्रम मिळणार नाही. सरळ नळी ओठांच्या बाजूला बंद असल्याने तिचे सूर ३:५:७ च्या आसपास येतात. ट्रंपेटला वाटीसारखे मुख आणि रुंदावत जाणारा कर्णा असतो, तो या सुरांना ओढून २:३:४ वर आणण्यासाठी. नरसाळे लहान-मोठे करून तुमचे सूर कसे सरकतात, ते पेटीवर ताडून पाहा.