मोटरला जमिनीशी का जोडतात?



विहिरीवर नवी मोटर बसते आहे अशी कल्पना करा. पाच अश्वशक्तीची, तीन फेजवर चालणारी मोटर चौथऱ्यावर बोल्टांनी पक्की केली आहे. रोहित्रापासून, म्हणजे ज्याला आपण 'डीपी' म्हणतो तिथून, तीन तारा स्टार्टरपर्यंत आणि पुढे मोटरपर्यंत आल्या आहेत. पिकाला पाणी द्यायची घाई आहे. आता बटण दाबले की मोटर फिरणार! पण वायरमन बटण दाबू देत नाही. त्याने बाजूला खोल खड्डा खणला आहे आणि त्यात तो लोखंडी नळ, कोळसा आणि चक्क मीठ भरतो आहे.

मोटर चालायला या खड्ड्याची काहीच गरज नाही. तीन तारांवर ती वर्षानुवर्षे चालेल. मग हा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर नीट समजले नाही म्हणून अनेकांचे प्राण गेले आहेत. म्हणून आज ते आकडेमोड करून समजून घेऊ.

दोष दिसत नाही

मोटरच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्या तारेवर वॉर्निशाचा पातळ विरोधक थर असतो. ओल, उष्णता आणि सततची थरथर यांमुळे हा थर कुठेतरी झिजतो आणि उघडी पडलेली तार मोटरच्या लोखंडी सांगाड्याला टेकते. आता तो सांगाडाच वीजयुक्त झाला. तरीही मोटर चालतच राहते, आवाज तोच येतो, पाणीही तेवढेच पडते. बाहेरून काहीही कळत नाही.

अशा वेळी कुणी ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून मोटरला हात लावतो. वीज त्याच्या हातातून, छातीतून, पायांतून जमिनीत जाते. पण ती जमिनीत 'मुरून' जात नाही हे लक्षात ठेवा. विद्युत्प्रवाहाला परिपथ पूर्ण करावा लागतो. रोहित्राचा तटस्थ बिंदू मुद्दाम जमिनीशी जोडलेला असतो, म्हणून हा प्रवाह जमिनीतून रोहित्राकडे परत जातो. फेजची तार आणि जमीन यांच्यातील विभवांतर सुमारे २३० व्होल्ट असते. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला, तर ओहमच्या नियमाप्रमाणे

प्रवाह = २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर.

एवढ्या प्रवाहावर सुमारे ५० वॅटचा दिवा लागतो. पण माणसाचे काय होते? साधारण ०.००१ अँपिअर प्रवाहाने नुसत्या मुंग्या येतात. ०.०१ ते ०.०२ अँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. सुमारे ०.१ अँपिअर प्रवाह छातीतून सेकंदभर जरी गेला, तरी हृदय नीट आकुंचन न पावता नुसते थरथरू लागते आणि रक्ताभिसरण थांबू शकते. आपला आकडा तर याच्याही दुपटीहून अधिक आहे.

मग फ्यूज काय करतो?

तुम्ही म्हणाल, "फ्यूज आहे ना!" पाच अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह घेते आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या सहापट घेऊ शकते. तेवढ्यात वितळू नये म्हणून फ्यूज चांगला जाड, समजा २० अँपिअरचा घालतात. अशा फ्यूजला ०.२३ अँपिअरची काय दखल? माणूस चिकटून राहील, पण फ्यूज वितळणार नाही. फ्यूज तारांचे आणि मोटरचे रक्षण करतो. माणसाला बसलेला धक्का त्याला कळतच नाही.

तो कळावा असा करायचा असेल, तर दोष होताक्षणीच प्रवाह खूप मोठा झाला पाहिजे. हे काम भूसंपर्कनाची, म्हणजे अर्थिंगची तार करते. सांगाड्यापासून रोहित्राच्या तटस्थ बिंदूपर्यंत जाड धातूची अखंड वाट असेल आणि त्या सगळ्या परिपथाचा रोध १ ओहम असेल, तर प्रवाह २३० अँपिअर होईल. मग फ्यूज क्षणात वितळतो. माणसाचा हात लागण्याआधीच मोटर बंद पडलेली असते.

खड्ड्याची परीक्षा

शेतावर मात्र परतीची अशी धातूची वाट बहुधा नसते. प्रवाहाला मातीतूनच जावे लागते. आपल्या खड्ड्याचा रोध ५ ओहम आणि डीपीजवळच्या खड्ड्याचा ५ ओहम धरू.

प्रवाह = २३० ÷ (५ + ५) = २३ अँपिअर.

२० अँपिअरचा फ्यूज २३ अँपिअर प्रवाह बराच वेळ सहन करतो. तोवर मोटरच्या सांगाड्यावर २३ × ५ = ११५ व्होल्ट असतात!

आता उन्हाळा आला, खड्डा सुकला आणि त्याचा रोध ४५ ओहम झाला असे समजा. प्रवाह होईल २३० ÷ ५० = ४.६ अँपिअर, आणि सांगाड्यावर ४.६ × ४५ = २०७ व्होल्ट. म्हणजे अर्थिंगची तार जोडलेली दिसते, पण ती असून नसल्यासारखीच. आता कोळसा आणि मीठ कशासाठी हे कळले ना? कोळसा ओल धरून ठेवतो, मिठामुळे त्या ओलाव्यातून वीज सहज वाहते. म्हणूनच खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालायचे असते.

खड्डा कितीही चांगला असला तरी त्याच्या जोडीला गळती ओळखणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, हवा. त्यात मोटरकडे जाणाऱ्या सर्व तारा एका लोखंडी कड्यातून नेलेल्या असतात. सगळे ठीक असेल तर त्यांतील प्रवाहांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य असते. थोडा प्रवाह जमिनीतून निसटला की बेरीज चुकते आणि स्विच पडतो. माणसाच्या रक्षणासाठी वापरतात तो स्विच ०.०३ अँपिअरच्या गळतीलाच, सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडतो.

दोन तारा का?

मोटरच्या सांगाड्याला अर्थिंगच्या दोन स्वतंत्र जोडण्या हव्यात, अशी अट १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होती. त्यांच्या जागी आलेल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांतही ती आहे. फेजची तार तुटली तर मोटर बिघडते आणि लगेच कळते. अर्थिंगची तार गंजून तुटली तर मोटर पूर्वीसारखीच चालते, कुणालाच पत्ता लागत नाही. एक तुटली तरी दुसरी राहावी म्हणून दोन.

मोटर बसवणारा जाणकार आणखी काही गोष्टी पाळतो. जोडणीपूर्वी तो मेगर या उपकरणाने ५०० व्होल्टचा दाब देऊन वेटोळी आणि सांगाडा यांच्यातील रोध मोजतो; तो निदान १० लाख ओहम भरावा लागतो. स्टार्टरच्या लोखंडी पेटीलाही तो अर्थिंग देतो. काम करताना मुख्य स्विच बंद करून तिन्ही फ्यूज काढतो आणि खिशात ठेवतो, म्हणजे दुसरा कुणी चुकून वीज सुरू करू शकत नाही.

करून पाहा

टॉर्चचा एक सेल आणि त्याचा लहान दिवा जोडून दिवा लावा. दिवा म्हणजे धक्का बसणारा माणूस. आता तांब्याच्या उघड्या तारेचा तुकडा दिव्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. दिवा विझतो! तार म्हणजे चांगले अर्थिंग. (तार लगेच काढा, सेल तापतो.) मग तारेऐवजी पेन्सिलीतील लांब शिसे टेकवा. दिवा फारसा मंद होत नाही. हा झाला सुकलेला खड्डा. हा प्रयोग फक्त सेलवरच करायचा, घरातल्या किंवा शेतातल्या विजेवर कधीही नाही.

सोडवा

आपल्या खड्ड्याचा रोध ३ ओहम आणि डीपीजवळचा २ ओहम असेल, तर दोष झाल्यावर प्रवाह किती? सांगाड्यावर किती व्होल्ट? (उत्तर: ४६ अँपिअर, १३८ व्होल्ट.)

आणि शेवटचे काम. गावातली पिठाची गिरणी किंवा शेतावरची मोटर लांबूनच पाहा. अर्थिंगच्या दोन तारा जमिनीपर्यंत सलग गेल्या आहेत का? खड्डा ओला आहे का? नसेल तर हात न लावता आधी मोठ्या माणसांना सांगा. खड्ड्यात पाणी घालायचे तेही मोठ्यांनीच, मुख्य स्विच बंद करून. "मोटर तर चालते आहे की!" असे उत्तर मिळाले, तर त्यांना वरची आकडेमोड करून दाखवा.