घरची सेप्टिक टाकी व तिची निगा

तुमच्या घरांत पाणी कोठून येतें हें विचारलें तर तुमच्यांपैकीं बहुतेकांस सांगतां येईल. तें कोठें जातें हें विचारलें म्हणजे मात्र वर्ग गप्प बसतो. हा प्रश्न आम्हीं नववीच्या मुलांस घालून पाहिला. "गटारांत," असें उत्तर आलें. ज्यानें तें दिलें त्याच्या वस्तींत भुयारी गटार अद्याप पोंचलेलेंच नाहीं! अशा ठिकाणीं शौचकूपाचें पाणी घराच्याच आवारांत पुरलेल्या सेप्टिक टाकींत जातें.

ही टाकी म्हणजे नुसता खड्डा नव्हे. विटांच्या किंवा काँक्रीटच्या या बंद पेटींत बहुधा दोन कप्पे असतात. मैला आंत आला म्हणजे त्यांतील जड भाग तळाशीं बसतो, तेलकट व हलका भाग सायीसारखा वर धरतो, आणि मधलें निवळसर पाणी पुढें शोषखड्ड्यांत जातें. बाहेर जाणारी नळी इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची ठेवतात ती याचसाठीं. तिचें खालचें तोंड सायीच्या खालीं व गाळाच्या वर राहतें. गाळांत हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु असतात. ते मैल्याचें विघटन करून त्याचा कांहीं भाग वायुरूप करतात. फ्रान्समधील वेसूल गांवच्या मूरास नांवाच्या गृहस्थानें १८६० च्या सुमारास अशी बंद टाकी बांधली, आणि कांहीं वर्षांनीं उघडून पाहतां तींत अपेक्षेहून पुष्कळच कमी गाळ आढळला. या युक्तीचें पेटंट त्यानें १८८१ सालीं घेतलें. 'सेप्टिक टँक' हें नांव मात्र इंग्लंडांतील एक्झिटर येथें डोनाल्ड कॅमरन यानें १८९५ च्या सुमारास बांधलेल्या टाकीमुळें रूढ झालें.

तुमची आई दह्याचें विरजण जपते, तसे हे जंतु जपावे लागतात. शौचकूप धुतांना झांकणभर फिनेल गेलें तर फारसें बिघडत नाहीं. पण ॲसिडची वा जंतुनाशकाची अख्खी बाटली एकदम ओतली तर जंतु मरतात आणि मैला कुजण्याऐवजीं नुसता सांठत जातो. त्यावर उपाय म्हणून दुकानांत जंतूंच्या पुड्या मिळतात. त्या विकत घेण्याची गरज आम्हांस कधीं पटली नाहीं, कारण तेच जंतु घरांतील प्रत्येक मनुष्य रोज फुकट पुरवीत असतो. चिंध्या, सॅनिटरी पॅड, प्लास्टिकच्या पिशव्या व तळणीचें उरलेलें तेल यांस मात्र टाकींत मुळींच स्थान नाहीं. पागोळ्यांचें पाणीही तींत सोडूं नये. पावसाच्या लोंढ्यानें तळचा गाळ ढवळून शोषखड्ड्यांत जातो, आणि एकदां त्या खड्ड्याचीं छिद्रें बुजलीं कीं तो पुन्हां मोकळा करणें फार जिकिरीचें.

"आमची टाकी वीस वर्षांत उपसावी लागली नाहीं," असें अभिमानानें सांगणारे पालक आम्हांस भेटतात. त्यांचें अभिनंदन करवत नाहीं. अशी टाकी बहुधा तळांतून गळत असते, किंवा गाळानें भरून मैला जसाचा तसा पुढें ढकलीत असते. कोंकणांतील सच्छिद्र जांभ्यांतून वा देशावरील भेगाळ काळ्या दगडांतून तें पाणी कोणाच्या विहिरींत उतरेल याचा नेम नाहीं. विहीर व शोषखड्डा यांत निदान १८ मीटर अंतर असावें. भेगाळ जमिनींत तेंही अपुरें पडतें. टाकी दर दोन-तीन वर्षांनीं, गाळ व साय मिळून एकतृतीयांश जागा व्यापूं लागली म्हणजे, उपसून घ्यावी. तळाशीं थोडा गाळ विरजणापुरता राहूं द्यावा. सातारा जिल्ह्यांतील वाई व नाशिक जिल्ह्यांतील सिन्नर या नगरपालिकांनीं तर २०१८ पासून ठराविक पाळीनें घरोघरच्या टाक्या उपसून नेण्याची व्यवस्था सुरू केली. तुंबण्याची वाट पाहण्यापेक्षां ही रीत आम्हांस फार पसंत आहे.

तुंबली म्हणजे काय होतें तें आमच्याच घरीं घडलें. चार वर्षांपूर्वीं ऐन पावसाळ्यांत शौचकूपाचें पाणी उतरेनासें झालें. टाकीचें झांकण कोठें आहे हें सांपडेना. अंगणास फरशी बसवितांना आम्हींच तें गाडून टाकलें होतें. पहारीनें फरशी फोडली. शेजाऱ्यांच्या ओळखीनें दोघेजण बादली व दोर घेऊन आले. त्यांतला एक आमच्या दहावीच्या मुलांहून फार मोठा नसावा. त्यानें सदरा काढला व दोर कमरेस बांधूं लागला. "मास्तर, दहा मिनिटांचं काम आहे," दुसरा म्हणाला. मैला ओढणारी गाडी बोलवावी तर पैसे दुप्पट, आणि ती येणार दोन दिवसांनीं. घरांत तर पाहुणे. आम्ही क्षणभर गप्प राहिलों. रसायनशास्त्र शिकविणारा मनुष्य, त्या टाकींत काय भरलें आहे हें पुरतें जाणणारा, आणि गप्प! "बाळा, तूं मागें हो," असें म्हणाली ती आमची पत्नी.

त्या टाकींत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असतां त्यास सडक्या अंड्यांची घाण येते. फार झाला म्हणजे तो घ्राणेंद्रियच बधिर करतो, म्हणून वास येत नाहीं तेथें धोका नाहीं असें समजूं नये. मनुष्य क्षणांत खालीं कोसळतो आणि त्यास काढावयास उतरलेला दुसराही त्याच्यावर पडतो. मिथेन वायु पेट घेतो. झांकण उघडतांना जवळ काडी ओढूं नये. २०१३ च्या कायद्यानें, संरक्षक साधनांवांचून माणसाला असें उतरविण्यास मनाई केली आहे, आणि ती मनाई घरमालकासही लागू आहे. असा मृत्यु झाल्यास कुटुंबास दहा लाख रुपये द्यावे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें. २०२३ सालीं ती रक्कम तीस लाख केली. आम्ही वांचवूं पाहत होतों ते कांहीं शेंकडे रुपये.

त्या दोघांस फरशी फोडल्याची मजुरी व चहा दिला. पाहुणे शेजारच्या घरीं आंघोळीस गेले. गाडी तिसऱ्या दिवशीं आली व तिनें नळीनें अर्ध्या तासांत टाकी उपसली. फरशी तेथें पुन्हां बसविली नाहीं. आतां कडीचें जड झांकण आहे, त्यावर कुंडीसुद्धां ठेवूं देत नाहीं, आणि उपशाची तारीख विजेच्या मीटरच्या पेटीवर रंगानें लिहिली आहे.