सही करण्याआधी

चि. सुहास,

परवा तुझ्या आईचा फोन आला. दोन नव्या व्हीएमसी मशिनांसाठी तू राहतं घर तारण ठेवतो आहेस म्हणे. तिनं विचारलं, तर ‘कोरियातल्या कंपन्या कर्जावरच मोठ्या झाल्या’ असं सुनावून फोन ठेवलास. आईशी असं बोलतात? त्या रात्री तुझ्या या मामाला झोप लागली नाही.

कोरियाचं काढलंच आहेस, तर देवूचं ऐक. त्यांची सिएलो मोटार रस्त्यात दिसली की तुझे बाबा वळून बघायचे.

देवूचा संस्थापक किम वू-चुंग हा देगूचा मुलगा. युद्धाच्या दिवसांत वर्तमानपत्रं विकणारा. १९६७ मध्ये, तिसाव्या वर्षी, ५० लाख वॉनच्या भांडवलावर त्यानं कापडाची निर्यात सुरू केली. अमेरिकेत शर्ट खपले. पार्क चुंग-ही यांचं सरकार निर्यातदारांना स्वस्तात कर्ज देत होतं आणि आजारी कारखानेही त्यांच्याच गळ्यात घालत होतं. १९७६ मध्ये यंत्रांचा कारखाना आला, १९७८ मध्ये ओक्पोची अर्धवट बांधलेली जहाजगोदी. किमनी दोन्ही उभे केले. मग मोटारी, टीव्ही, बांधकाम. पोलंड, उझबेकिस्तान आणि आपल्याकडे सूरजपूर.

तेव्हा तुझं म्हणणं खोटं नाही. पण पुढचं तू आईला सांगितलं नाहीस.

१९९७ मध्ये वॉन कोसळला, देश नाणेनिधीच्या दारात गेला. कर्ज स्वतःच्या भांडवलाच्या दुपटीत आणा, असं सरकारनं मोठ्या समूहांना बजावलं. बाकीचे समूह आपले धंदे विकू लागले. किमनी मात्र १९९८ मध्ये कर्जात बुडालेली सँगयाँग मोटर घेतली, आणि जुनी देणी भागवायला नवे रोखे काढले. मालमत्तेच्या हिशेबानं देवू देशात दुसऱ्या क्रमांकावर पोचला आणि १९९९ च्या ऑगस्टमध्ये सावकारांच्या हाती गेला. देणं होतं ७५ अब्ज डॉलरच्या आसपास. किम देश सोडून गेले, २००५ मध्ये परतले. खोट्या हिशेबांबद्दल २००६ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. पुढच्या वर्षाअखेर माफी मिळाली.

कारखाने राहिले, मालक बदलले. मोटारी जनरल मोटर्सकडे गेल्या. गुन्सानचा ट्रकचा कारखाना २००४ मध्ये आपल्या टाटा मोटर्सनं घेतला. देवूची मॅटिझ शेवरोलेची स्पार्क होऊन तळेगावात तयार होऊ लागली. तो तळेगावचा कारखानाही आता ह्युंदाईकडे आहे, आणि त्याच्याच ऑर्डरींच्या भरवशावर तू घर गहाण टाकायला निघालास! एवढ्या मोठ्यांच्या कारखान्यावरची पाटी बदलते, तिथे तुझ्या जॉबवर्कची हमी कोण देणार?

मामा भित्रा, असं म्हणशील. म्हण. शिरोलीत फौंड्रीची भागीदारी चालून आली होती, तेव्हा पगाराची नोकरी सोडायचं धाडस झालं नाही. आजही त्या रस्त्यानं जाताना जीव चुटपुटतो. म्हणून मशिन घेऊच नकोस, असं मामा म्हणत नाही. एक घे. आहे त्या मशिनवर दुसरी पाळी भरते का, ते आधी बघ. ऑर्डर लेखी आहे का? पार्टी नव्वद दिवसांनी पैसे देणार असेल, तर मधले तीन हप्ते कुठून भरशील? मशिन बँकेनं ओढून नेलं तर दुसरं घेता येईल. घराचं तसं नाही.

फार बोलला ना मामा? बाबा गेल्यावर शाळा सुटली की तू लेथपाशी उभा राहायचास, हातात रुतलेले धातूचे बर आईला दिसू नयेत म्हणून मुठी मिटून जेवायला यायचास. ते सगळं या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्या कष्टांवर कुणाचा अविश्वास नाही, राजा. एका मशिनला पैसे कमी पडले तर मामाची मुदत ठेव आहे. व्याजाचं नाव काढलंस तर मामी रागावेल.

सही करू नकोस. शनिवारी सगळे कागद घेऊन कोल्हापूरला ये, आणि निघण्याआधी आईला फोन कर.

तुझा,
मामा