डुकराची प्रतिकारशक्ती आणि प्रयोगशाळेतील प्रथिने : एक अभ्यास

गतवर्षी दहावीच्या वर्गात मधुमेहाविषयी शिकवत असताना आम्ही सहज सांगून गेलो की, पूर्वी मधुमेही रुग्णांना डुकराच्या व गुराच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन टोचले जाई. ‘डुक्कर’ हा शब्द कानी पडताच वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने मात्र मान खाली घातली. त्याच्या घरी डुकरे पाळली जातात, हे वसतिगृहातील सर्वांना ठाऊक होते. हशा ओसरल्यावर त्यानेच हळू आवाजात विचारले, “सर, डुकराचे माणसाला चालते, तर माणसाचे डुकराला चालेल का?”

त्या दिवशी आम्ही त्याला अर्धेच उत्तर दिले. उरलेले उत्तर देण्यासाठी हा लेख आहे.

इन्सुलिनपुरते बोलायचे तर उत्तर सोपे आहे. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन आहे आणि डुकराच्या व माणसाच्या इन्सुलिनमध्ये त्यांपैकी केवळ एका अमिनो आम्लाचा फरक आहे. माणसात ज्या जागी थ्रिओनिन असते, तेथे डुकरात अ‍ॅलनिन असते. म्हणून डुकराचे इन्सुलिन माणसाच्या शरीरात काम करीत असे. १९८२ साली जीवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि प्राण्यांवरचे हे अवलंबन हळूहळू कमी झाले.

पण प्रश्न प्रतिकारशक्तीचा आला की हे सरळ गणित बिघडते. शरीरात विषाणू शिरला की पेशी एकमेकींना निरोप धाडतात. कोणी धोक्याची सूचना देते, कोणी मदतीला पेशी बोलावते, तर कोणी काम झाल्यावर ‘आता थांबा’ म्हणून सांगते. हे निरोप म्हणजे छोटी प्रथिने असतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यांपैकी इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान यांनी लावला. कोंबडीच्या अंड्यातील पटलांवर निष्प्रभ केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू सोडला असता, पेशी एक असा पदार्थ सोडतात की ज्यामुळे पुढे दुसऱ्या विषाणूचा शिरकाव अडतो, असे त्यांना आढळले.

हा निरोप ऐकायला पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही प्रथिन लागते. निरोप आणि ग्राही यांचा मेळ किल्ली-कुलपासारखा असतो, आणि काही सायटोकाइनांच्या बाबतीत हे कुलूप प्रत्येक प्राण्यागणिक वेगळे आहे. मानवी इंटरफेरॉन-गॅमा उंदराच्या पेशीला कळत नाही, उंदराचे माणसाच्या पेशीला कळत नाही. उलट मानवी इंटरल्यूकिन-२ उंदराच्या पेशींवर चालते. म्हणजे सरसकट नियम नाही. एकेक प्रथिन तपासावे लागते. ज्याला डुकराच्या प्रतिकारशक्तीचा नीट अभ्यास करायचा आहे, त्याला डुकराचेच सायटोकाइन हवे. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर ते हेच.

ते मिळवायचे कोठून? शरीरात ही प्रथिने अत्यल्प असतात. त्यांचे मोजमाप नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जांश भागात होते. एके काळी मानवी इंटरफेरॉन मिळवण्यासाठी फिनलंडमध्ये कारी कँटेल यांना रक्तदात्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मोठ्या प्रमाणावर गोळा कराव्या लागत. १९८० साली झुरिचमध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या चमूने इंटरफेरॉनचे जनुक जीवाणूत घालून जीवाणूकडून ते तयार करवून घेतले. यालाच पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. हाच मार्ग पुढे डुकराच्या सायटोकाइनांसाठीही वापरला गेला. डुकराचा जनुकसंच २०१२ साली प्रसिद्ध झाल्यावर हव्या त्या जनुकाचा क्रम शोधणे सोपे झाले.

कृती थोडक्यात अशी. डुकराच्या प्रथिनाचे जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वलयात बसवायचे, ते वलय ई. कोलाय जीवाणूत किंवा यीस्टमध्ये घालायचे, जीवाणू वाढवायचे, मग त्यांना फोडून प्रथिन वेगळे व शुद्ध करायचे. जीवाणूत प्रथिन पुष्कळदा गोळा होऊन बसते, त्याची घडी मोडलेली असते. ती पुन्हा नीट बसवावी लागते, कारण घडी चुकलेले प्रथिन म्हणजे वाकडी झालेली किल्ली.

येथे एक फसवणूक संभवते आणि ती विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून समजून घ्यावी. ई. कोलायच्या बाह्य आवरणात अंतर्विष असते. प्रथिन शुद्ध करताना त्याचा लवलेश जरी राहिला, तरी डुकराच्या भक्षक पेशी त्या विषानेच खवळतात आणि संशोधकाला वाटते की हा आपल्या सायटोकाइनचाच परिणाम! यावर एक जुनी, साधी कसोटी आहे. नमुना उकळावा. उकळल्यावर प्रथिन नष्ट होते, अंतर्विष मात्र टिकते. उकळूनही पेशी तशाच खवळत असतील, तर आपण सायटोकाइनचा नव्हे, घाणीचा अभ्यास करीत होतो, हे उघड होते. लाखो रुपयांच्या यंत्रांच्या मध्ये ही चुलीवरची परीक्षा अजून टिकून आहे, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते.

शुद्ध प्रथिन थंडीत ठेवावे लागते. पुन्हा पुन्हा वितळवले व गोठवले तर त्याची क्रिया कमी होते. हे आमच्या खारदांड्याच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. बर्फ संपला की मासळीचे काय होते, हे ती घरीच पाहतात.

आता डुक्करच का? उंदरापेक्षा ते अनेक बाबतीत माणसाच्या जवळचे आहे. पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावणारे इंटरल्यूकिन-८ माणसात व डुकरात आहे, उंदरात नाही. त्याची स्वतःची वैशिष्ट्येही विलक्षण आहेत. मानवी अर्भकाला आईची प्रतिपिंडे वारेतून, जन्मापूर्वीच मिळतात. डुकराच्या वारेतून ती जात नाहीत. पिल्लू प्रतिपिंडांविना जन्मते आणि जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात प्यायलेल्या चिकातूनच ती त्याला मिळतात. हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा तोच विद्यार्थी उठून म्हणाला, “आमची आजी अशक्त पिल्लाला हाताने धरून पहिल्या दिवशीच आचळाला लावते. नाहीतर ते जगत नाही.” या वेळी कोणी हसले नाही. आजीचे हे ज्ञान पाठ्यपुस्तकातील परिच्छेदाइतकेच खरे होते आणि कदाचित त्याहून जुने.

या अभ्यासाची गरज किती तातडीची आहे, हे २०२० साली दिसले. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग त्या वर्षी भारतात प्रथम आसाम व अरुणाचल प्रदेशात निश्चित झाला. तो माणसाला होत नाही, परंतु डुकरांमध्ये अत्यंत घातक ठरतो आणि ज्या कुटुंबाची सारी पुंजी दोनचार डुकरांत असते, त्याचे घरच बसते. त्याचा विषाणू ज्या भक्षक पेशींनी त्याला गिळावे, त्यांच्यातच वाढतो. केवळ प्रतिपिंडे तयार होऊन भागत नाही, टी-पेशींचीही साथ लागते, असे अभ्यासकांना दिसले आहे. टी-पेशी जाग्या झाल्या की नाही, हे त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात का यावरून मोजले जाते, आणि त्या मोजणीच्या चाचण्या पारखण्यासाठी डुकराचे शुद्ध, पुनर्संयोजित प्रथिन नमुना म्हणून लागते. व्हिएतनामने २०२३ मध्ये या रोगाच्या लसींना व्यापक वापराची परवानगी दिली.

आमच्या विद्यालयात रोज पंचशील म्हटले जाते, त्यामुळे एक प्रश्न मुले विचारणारच, आणि त्यांनी तो विचारावा असेच आम्हांस वाटते. प्राण्यावर प्रयोग करणे पहिल्या शीलाशी कसे जुळते? ते पूर्णपणे जुळते असे आम्ही म्हणणार नाही. प्राण्यांना होणारे क्लेश टाळण्यासाठी १९६० चा भारतीय कायदा आहे. त्याआधी एक वर्ष, १९५९ मध्ये, रसेल व बर्च यांनी प्राण्यांचा वापर टाळा, कमी करा, सौम्य करा, ही त्रिसूत्री मांडली होती. पुनर्संयोजित प्रथिने त्या दिशेला मदत करतात. जिवंत डुकराचे थोडे रक्त घेऊन, त्यातील पेशींना जीएम-सीएसएफ व इंटरल्यूकिन-४ ही दोन सायटोकाइने दिली, तर काचेच्या बशीतच प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी तयार होतात. डुक्कर आपल्या गोठ्यात परत जाते.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले आहे. क्लासिकल स्वाइन फीव्हर या दुसऱ्या रोगाची जुनी लस सशांच्या शरीरात वाढवली जाई. एका सशाच्या बळीतून सुमारे ५० मात्रा मिळत. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने पेशींच्या संवर्धनात वाढणारी लस तयार केली, तेव्हा सशांची गरजच उरली नाही.

हे सारे दूरचे वाटत असेल, तर परळला जावे. १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय तेथे आहे. जवळच, १८९९ मध्ये जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये उभी राहिलेली प्लेगची प्रयोगशाळा, म्हणजे आजची हाफकिन संस्था, आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती.

ज्या पालकांच्या घरी डुकरे आहेत, त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक सूचना. हॉटेलातील उष्टे अन्न घालायचे असल्यास ते नीट उकळूनच घालावे, कारण आफ्रिकन स्वाइन फीव्हर पसरण्याचा तो एक मोठा मार्ग आहे. आणि एकापाठोपाठ एक डुकरे तापाने मरू लागली, तर मांस विकण्याची घाई न करता जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. मागच्या बाकावरचा आमचा विद्यार्थी आता अकरावी विज्ञान शाखेत आहे. या दोन सूचना त्याने घरी आधीच सांगितल्या आहेत.