जुन्या गोदामाचे नवे ऑफिस



सोसायटीचे जुने गोदाम किंवा पेठेतला पडीक गाळा दुरुस्त करून त्याचे आधुनिक ऑफिस करावे, असा विचार बरेच सभासद आमच्याजवळ बोलून दाखवितात. विचार चांगला आहे. पण रंग मारला, फरशी घातली, ए.सी. बसविला म्हणजे झालं, असे नाही.

मुंबईचे उदाहरण पाहू. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूर भागातले कितीतरी कामगार त्यात होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि १९९१ च्या नियमावलीने त्या जागांच्या फेरविकासाला वाट मिळाली. लोअर परळच्या कमला मिल आवारात ऑफिसे आली, हॉटेले आली. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर तेथील गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ माणसे दगावली. बरीचशी धुराने गुदमरून. यातून घ्यावयाचा धडा असा : जागेचा वापर बदलला की तिच्या गरजाही बदलतात. गोदामातल्या पोत्यांना पळावे लागत नाही, ऑफिसातल्या माणसांना लागते.

आपण खोडवा राखतो तसेच हे काम आहे. काणी किंवा गवताळ वाढ फार असेल तर आपण खोडवा ठेवतच नाही. इमारतीचेही तेच. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१) तपासणी : भिंतीच्या भेगा, स्लॅबची गंजलेली सळई, वाळवीने पोखरलेले वासे जाणकार इंजिनिअरकडून तपासून घ्यावेत. सांगाडाच खचला असेल तर मोह सोडावा.

२) ओल : आधी छप्पर व जोत्याची गळती बंद करावी, मग गिलावा. दगड-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते. तेथे चुन्याचाच गिलावा करावा.

३) पत्रे : जुन्या सिमेंट पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. ते फोडू नयेत, माहीतगाराकडूनच उतरवावेत.

४) वीज : जुनी वायरिंग संपूर्ण बदलावी. ए.सी. व कॉम्प्युटरचा भार मोजून मंजूर करून घ्यावा. अर्थिंग व गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवावाच.

५) वाट : एकमेकांपासून दूर असे दोन दरवाजे ठेवावेत, ते बाहेर उघडणारे असावेत. कामाच्या वेळेत कुलूप नको, बोळात रद्दीचे गठ्ठे नकोत.

वापर बदलण्याची परवानगी काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी. जाड भिंती, उंच छत, वरची झरोके ही जुन्या इमारतीची कमाई आहे. उन्हाळ्यात गारवा त्यामुळेच राहतो. शोभेचे छत घालून ती झाकून टाकू नये.

पैसा कमी पडला तर रंग व फर्निचर मागे ठेवावे. तपासणी, वीज आणि वाट यांत काटकसर करू नये, ही कळकळीची विनंती.

— ऊस विकास विभाग