अपंगांचा वांटा

कांद्याचा भाव पडला म्हणजे आपल्या देवळा तालुक्यांत घरोघरीं त्याची चर्चा होते. परंतु शेजारच्या अपंग मुलाच्या हक्काचा पैसा कोणीं न मागितल्यामुळें पडून राहिला, तर त्याची वार्ताही कोणास नसते. म्हणून हा पैसा येतो कोठून, याचा थोडा विचार करूं.

पूर्वीं हें कार्य बहुतांशीं धर्मादायावर चाले. मिस ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनीं १९०० सालीं मुंबईंत अंध मुलांसाठीं शाळा काढली, ती दुष्काळानें निराधार झालेल्या मुलांच्या कळवळ्यानें. दया ही थोर खरी. पण देणगी आटली कीं तिचा हात आंखडतो. कायद्याचें तसें नाहीं. २०१६ च्या केंद्रीय कायद्यानें अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, आणि निदान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असणारांस विशेष हक्क दिले.

या पैशाचे ओघ मुख्यतः तीन. पहिला केंद्र सरकारचा : कृत्रिम पाय, श्रवणयंत्र, तीनचाकी सायकल अशा साधनांसाठीं १९८१ पासून त्याचें साहाय्य मिळतें. दुसरा राज्य सरकारचा : १९८० सालीं सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना. तिचा अर्ज तहसील कचेरींत द्यावा लागतो. पात्र अपंगांचें मासिक अनुदान २०२५ सालीं १५०० रुपयांवरून २५०० रुपये करण्यांत आलें. तिसरा ओघ अगदीं दारांतला : ग्रामपंचायतीनें स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठीं खर्चावे, असा राज्याचा नियम आहे.

आतां एक सोपें उदाहरण करूं. एखाद्या ग्रामपंचायतीचें स्वतःचें वार्षिक उत्पन्न ४ लक्ष रुपये धरलें, तर अपंगांचा वांटा २० हजार रुपये होतो. पण गांवानें घरपट्टी व पाणीपट्टी थकविली आणि उत्पन्न २ लक्षांवर आलें, तर तो १० हजारच उरतो. म्हणजे थकलेली पट्टी केवळ सरपंचाची अडचण नव्हे. ती एखाद्या पांगळ्याची कुबडी हिरावून घेते.

यास्तव पालकांनीं पट्टी वेळेवर भरावी, आणि ग्रामसभेंत या ५ टक्क्यांचा हिशेब अवश्य विचारावा. मुलांनो, तुम्हांस वाचतां-लिहितां येतें. शेजारच्या आजोबांचा अर्ज भरून देणें, दाखल्यासाठीं त्यांच्यासोबत जाणें, हें तुमच्या हातचें आहे. सरकार पैसा देईल. पण तो ज्याचा त्याच्या घरीं पोहोंचविण्यास शेजारधर्मच लागतो.