सहलीस निघण्यापूर्वी

शाळेच्या निवासी सहलीची सूचना फळ्यावर लागली, की घरोघरी पहिला प्रश्न निघतो तो सामानाचा. पिशवी कोणती न्यावी, स्वेटर आहे की नाही, खाऊचे डबे किती द्यावेत, ह्याचीच चर्चा आठवडाभर चालते. सामान पाहिजे हे खरेच. परंतु सामान बांधून झाले म्हणजे मुलाची तयारी झाली, असे आम्हांस वाटत नाही. चार दिवस डोंगरात राहावयास निघालेल्या मुलाच्या अंगी दोन सवयी असाव्या लागतात. आपले काम आपण करावे, ही पहिली. आणि अडचण आली की ती तत्काळ वडील माणसास सांगावी, ही दुसरी. ह्या दोहोंविषयीच येथे विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस चार शब्द सांगावयाचे आहेत.

मुरबे गावच्या मुलांस ह्याचा धडा घराजवळच मिळतो. खाडीच्या अलीकडे मुरबे व पलीकडे सातपाटी. दोन्ही गावे मासेमारीवर वाढलेली. बोट काही दिवसांकरिता समुद्रात जावयाची असली, म्हणजे बर्फ, डिझेल, गोडे पाणी व शिधा मोजून भरतात आणि जाळी किनाऱ्यावरच तपासून घेतात. नव्या पोराने दोराची गाठ किनाऱ्यावर शिकून घ्यावी, भर समुद्रात नव्हे, हे सर्वांस ठाऊक असते. त्याचप्रमाणे बोटीत पाणी शिरताना दिसले, तर पाहणाऱ्याने भीडेने गप्प राहावे, असे कोणताही तांडेल म्हणणार नाही. सहलीचा नियम ह्याहून निराळा नाही.

मुलांस उघड्या रानात राहून शिकू द्यावे, हा विचारही नवा नाही. सन १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात बेडन-पॉवेल ह्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांत श्रीमंतांची मुले होती, तशीच कष्टकऱ्यांचीही होती. त्यांच्या चार तुकड्या करून प्रत्येकीवर त्यांच्यातीलच एक नायक नेमला होता. स्काउट चळवळीचा आरंभ तेथून झाला. आपल्याकडे ताराबाई मोडक ह्यांनी सन १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि सन १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ ह्यांच्या साहाय्याने, आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे कार्य चालविले. गुरे राखणाऱ्या मुलांस शाळेत येता येईना, तेव्हा शाळाच कुरणात नेली, तीच कुरणशाळा. तेव्हा रान हीही एक शाळा आहे, मात्र तिचे नियम आधी समजून घेतले पाहिजेत.

समजा, आपली मुले जव्हारच्या पठारावर राहावयास निघाली. जिल्हा एकच, पण हवापाणी वेगळे. समुद्र आपल्या किनाऱ्यास हिवाळ्यातही फारसे गारठू देत नाही. पठारावर मात्र पहाटे थंडी झोंबते. म्हणून पांघरूण व कानटोपी अवश्य द्यावी. नवे बूट मात्र देऊ नयेत. पायांत रुळलेले जुने बूट बरे. नवे बूट पहिल्याच चढणीस टाचेला फोड आणतात.

पाण्याविषयी आम्हांस विशेष कळकळीने सांगावयाचे आहे. लाटांत वाढलेल्या मुलास वाटते, की समुद्र ज्याला भीत नाही त्याला डोह काय करणार? पण खारे पाणी गोड्या पाण्याहून जड असते, त्यामुळे समुद्रात अंग सहज तरंगते. डोहात तेच अंग अधिक बुडते. दाभोसा धबधब्यासारख्या ठिकाणी खडक शेवाळलेले असतात, कुंडाचा तळ दिसत नाही, आणि वर डोंगरात पाऊस झाला तर खाली पाणी एकाएकी चढते. अशा जागी चांगले पोहणारेच अधिक धाडस करतात व फसतात. म्हणून मुलांनो, शिक्षकांची आज्ञा असल्यावाचून पाण्यात पाऊलही घालू नका. आईबापांनी हे वचन मुलाकडून घरीच घ्यावे.

दुसरी गोष्ट विंचू व साप ह्यांची. बूट घालण्यापूर्वी झटकावे, अंथरूण पाहून मग निजावे, अंधारात विजेरीवाचून फिरू नये, दगडाखाली हात घालू नये. इतके करूनही दंश झालाच, तर क्षणभरही लपवू नये. कोकणातील लाल विंचवाचे विष मुलांच्या हृदयावर आघात करते. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर ह्यांनी प्राझोसिन नावाचे औषध ह्यावर योजून दाखविले, तेव्हापासून ह्या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ घटले. परंतु औषध वेळेवर पोचले तरच त्याचा उपयोग. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे हे सर्व घातक आहे. तो अवयव न हलविता रोग्यास इस्पितळात न्यावे. ‘रागावतील’ म्हणून गप्प बसलेले मूल हा मोलाचा वेळ गमावते.

आता आईबापांकडे वळतो. निघण्यापूर्वी पंधरा दिवस मुलास आपले ताट आपण धुवू द्यावे, अंथरूण घालू व घडी करू द्यावे, आणि पिशवीही त्यालाच भरू द्यावी. म्हणजे कोणती वस्तू कोठे आहे हे त्यास अंधारातही कळेल. शक्य असेल तर एखादी रात्र मामाकडे अथवा आत्याकडे राहू द्यावे. दमा, फेफरे, एखाद्या पदार्थाचे वावडे किंवा झोपेत अंथरूण ओले होण्याची खोड असेल, तर शिक्षकांस चिठ्ठीने स्पष्ट कळवावे. ह्यात लाज नाही. लपविण्यात मात्र धोका आहे.

पहिल्या रात्री घरची आठवण येतेच. ‘रडलास तर लगेच न्यावयास येईन’ असे सांगून पाठविल्यास मूल मनाने घरीच राहते. दर तासास फोन करणेही तसेच. ‘आठवण आली तर बाईंना सांग, मित्राजवळ बस, सकाळी बरे वाटेल,’ एवढे सांगणे पुरे. आणि विद्यार्थ्यांनो, शेजारचा सोबती रडत असेल तर हसू नका. त्याच्याजवळ सरकून बसा.

मूल परत आल्यावर ‘किती खर्च केलास?’ हा प्रश्न मागाहून विचारावा. ‘काय स्वतः केलेस? कोणास मदत केलीस?’ हे प्रथम विचारावे. त्याच्या उत्तरावरून सहल सफल झाली की नाही हे आईबापांस सहज कळेल.